सीएनएचा कोर्स आठ आठवड्यांचा, पण त्याच्या पुढचं कोण सांगणार?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या नोकऱ्यांवर जो लेख आला होता तो माझ्या भाचीने मला कराडहून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि खाली लिहिलं, मावशी हे तू करतेस तेच ना, मी पण करू का? लेखात अमेरिकेतल्या सीएनए म्हणजे सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंटच्या नोकरीवर एक चौकट होती. बारावी पास चालेल, कोर्स आठ आठवड्यांचा, पगार महिन्याला अडीच लाखांपर्यंत, मागणी प्रचंड. यातलं एकही वाक्य तसं खोटं नाहीये, म्हणूनच मला हे पत्र लिहावंसं वाटलं, कारण खरं सांगून पण माणसाला फसवता येतं. तुम्ही मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, लिहिणाऱ्याने वेबसाइटवरून चार गोष्टी उचलल्या असणार. पण आमच्या भागात त्या चौकटीचे फोटो काढून लोक परदेशी नोकरीच्या सेमिनारच्या ग्रुपवर फिरवतायत म्हणे.

मी न्यू जर्सीत एका नर्सिंग होममध्ये सीएनए आहे. नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचं छोटं हॉस्पिटल नव्हे, म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना ठेवून घेऊन सांभाळतात ते ठिकाण. कराडला पतसंस्थेत कॅशियर होते, भावाने केलेल्या फाइलवर ग्रीन कार्ड मिळालं आणि चाळिशी उलटल्यावर आम्ही दोघं इकडे आलो. आता नव्या मुली आल्या की पहिले काही दिवस त्यांना माझ्याबरोबर फिरवतात, त्यामुळे मी लिहितेय ते माझ्या एकटीचं रडगाणं नाहीये, दर थोड्या दिवसांनी तेच तेच चेहरे पडलेले बघते त्यावरून लिहितेय.

आधी व्हिसाचं बोलते कारण पैसे तिथेच जातात. सीएनएच्या कामावर एच-वन-बी मिळत नाही, त्याला डिग्रीची नोकरी लागते. रजिस्टर्ड नर्सना ग्रीन कार्डसाठी जी शेड्यूल ए नावाची सवलत आहे ती सीएनएला नाही. एखाद्या मालकाने स्पॉन्सर केलंच तर ते ईबी-थ्री या नोकरीवरच्या ग्रीन कार्डाच्या प्रकारातल्या अदर वर्कर्स या खान्यात पडतं आणि तिथे भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांच्या वर आहे, म्हणजे आज पंचविशीतली मुलगी नंबर लागेपर्यंत स्वतःच्या पोरांच्या शाळेच्या ॲडमिशनला उभी असेल. टुरिस्ट व्हिसावर येऊन काम करणं तर सरळ बेकायदा. मग इथे जे भारतीय सीएनए दिसतात ते कोण? बहुतेक माझ्यासारखे, भावाबहिणीच्या किंवा नवऱ्याच्या फाइलवर आलेले, ज्यांच्याकडे कामाचा परवाना आधीच आहे. नवऱ्याच्या एच-वन-बीमुळे एच-फोरवर आलेल्या बायकोला सुद्धा ईएडी, म्हणजे कामाच्या परवान्याचं कार्ड, हातात आल्याशिवाय हे काम करता येत नाही. आणि पुण्यात किंवा साताऱ्यात केलेला जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स कामाला उपयोगी पडतो, हात तयार होतो, पण त्या सर्टिफिकेटवर इथल्या राज्याच्या नर्स एड रजिस्ट्रीत, म्हणजे सीएनएंच्या सरकारी यादीत, नाव चढत नाही, आणि रजिस्ट्रीत नाव नाही म्हणजे तुम्ही सीएनए नाही. भारतात परदेशी नोकरी लावून देणारा एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर रजिस्टर असावा लागतो आणि त्याला ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सर्व्हिस चार्ज घेता येत नाही. कोणी चार-पाच लाख मागत असेल तर बाकी काही विचारायची गरजच नाही.

हे झालं. आता ज्यांच्याकडे कागद आहेत, किंवा ज्यांच्या सुना-मुली इकडे येणारच आहेत, त्यांच्यासाठी लिहिते, कारण सांगलीकडच्या, नाशिककडच्या, नागपूरच्या अशा बऱ्याच बायका इथे न्यू जर्सीत एडिसन-आयसलिनकडे हा विचार करत असतात आणि मला विचारतात.

कोर्स. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या १९८७ च्या कायद्याने किमान ७५ तासांचं ट्रेनिंग सगळ्या देशात सक्तीचं आहे, राज्यं त्यात भर घालतात. आमच्या न्यू जर्सीत ९० तास, ५० वर्गात आणि ४० प्रत्यक्ष नर्सिंग होममध्ये. कॅलिफोर्नियात १६०. म्हणजे एकाच कामासाठी एका राज्यात दुपटीने शिकवतात आणि दुसऱ्यात महिनाभरात बाहेर सोडतात. खाजगी शाळा हजार-बाराशे डॉलर सहज घेतात. आणि इथे एक गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती ती सांगते, मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी आरोग्य विम्यांचे पैसे घेणाऱ्या नर्सिंग होमने तुम्हाला नोकरी दिली असेल तर ते ट्रेनिंगचे पैसे तुमच्याकडून घेऊ शकत नाहीत, आणि तुम्ही स्वतःच्या खिशातून कोर्स केला आणि संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत अशा ठिकाणी लागलात तर कोर्सचे आणि परीक्षेचे पैसे टप्प्याटप्प्याने परत मिळायला हवेत. हा केंद्राचा नियम आहे. फक्त पावत्या जपून ठेवा आणि तोंड उघडून मागा, एचआरवाली बाई स्वतःहून बोलणार नाही.

परीक्षा दोन भागांची. लेखी अवघड नाहीये, इंग्रजी वाचायला जड जात असेल तर तोंडी द्यायची सोय असते, ती मागून घ्यावी, त्यात लाजण्यासारखं काय. गाळण होते ती स्किल टेस्टला. हात धुणं प्रत्येकाला असतं, बाकीची कुठली कामं येतील ते आधी कळत नाही. आपल्या बायका काम उत्तम करतात, सासू-सासऱ्यांचं, आईवडिलांचं सगळं केलेलं असतं, आणि नेमक्या त्याच नापास होतात, कारण इथे काम झालं की नाही याच्याबरोबरच कसं झालं ते बघतात. दार वाजवलं का, स्वतःचं नाव सांगितलं का, पडदा ओढला का, व्हीलचेअरचे ब्रेक लावले का, निघताना बेड खाली केला का, बेलचं बटण माणसाच्या हाताशी ठेवलं का. हात धुताना बोटं वर झाली, पाणी उलटं बोटांकडून कोपराकडे गेलं, किंवा धुतलेल्या हाताने नळ बंद केला की संपलं. शर्ट घालताना लुळा हात आधी आणि काढताना चांगला हात आधी. हे नियम येडपटपणाचे वाटतात पण प्रत्येकाच्या मागे कुणाचं तरी हाड मोडलंय किंवा इन्फेक्शन झालंय, हे काम करायला लागल्यावर कळतं.

मग नोकरीआधीची कागदपत्रं, बोटांचे ठसे, बॅकग्राउंड चेक, मेडिकल. यात आपल्या लोकांची हमखास अडकणारी गोष्ट म्हणजे टीबीची टेस्ट. दंडावर बीसीजीची खूण असलेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांची कातडीवरची टेस्ट पॉझिटिव्ह येते, हात टम्म सुजतो, आणि बाई घाबरून रडायला लागते की आता मला टीबी झाला, नोकरी गेली, घरच्यांना काय सांगू. तसं नसतं. आधीच सांगायचं की लहानपणी बीसीजी घेतलीय, रक्ताची टेस्ट करा. त्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. तरी पॉझिटिव्ह आली तर छातीचा एक्स-रे काढतात. ही एवढीशी माहिती कुठल्याच भारतीय सेमिनारमध्ये मिळत नाही कारण ती विकता येत नाही.

आता खरी नोकरी. मला सगळे विचारतात, शी-शू काढायला कसंतरी होत नाही का. होतं, आठवडाभर होतं. मग नाक सरावतं, ग्लोव्ह्ज असतात, मेंदू त्याची दखल घ्यायचं सोडून देतो. घाण हा या नोकरीतला सगळ्यात सोपा भाग आहे हे मी शपथेवर सांगते. नव्या मुली पळतात त्या वेळेच्या गणितामुळे.

ते गणित मांडूनच दाखवते. न्यू जर्सीत २०२१ च्या फेब्रुवारीपासून कायदा आहे, दिवसा आठ पेशंटमागे एक सीएनए, संध्याकाळी दहामागे एक, रात्री चौदामागे एक, म्हणजे संध्याकाळी आणि रात्री त्या आकड्यात नर्सचा पण हिशोब धरता येतो. कित्येक राज्यांत एवढाही कायदा नाही, म्हणजे आम्ही नशीबवान. सकाळच्या शिफ्टला सात वाजता तुम्ही येता, रात्रवालीकडून रिपोर्ट घेता, सात-सव्वासात. नाश्त्याचे ट्रे आठला येतात. मध्ये पाऊण तास. आठ माणसं. एकाला उठवून, पुसून, डायपर बदलून, कपडे घालून, दात घासून, चष्मा आणि कानातलं मशीन लावून खुर्चीत बसवायला घाई केली तरी वीस मिनिटं जातात. त्यातल्या दोघांना हॉयर लिफ्टने उचलायचं असतं, झोळीत घालून विहिरीची मोट ओढावी तसं, आणि त्याला दोन माणसं लागतात, म्हणजे दुसरीला तिचं काम सोडून यावं लागणार आणि मग तुम्ही तिच्याकडे जाणार. आठ गुणिले वीस म्हणजे एकशेसाठ मिनिटं आणि हातात पंचेचाळीस. शाळेतल्या पोराला पण कळेल की हे बसत नाही. आणि ही परिस्थिती सगळे कामावर आले असतील तेव्हाची. रविवारी सकाळी एक जण फोन करून मी येत नाही म्हणाली की तिचे आठ उरलेल्यांत वाटतात, कायदा भिंतीवर आणि बारा माणसं तुमच्या अंगावर.

जुन्या बायका हे कसं निभावतात तर त्यांना माहीत असतं की कोणाला आधी उठवायचं, कोण नऊपर्यंत झोपू दिलं तर खूश असतो, कोणाचे कपडे बेडवरच घालून टाकायचे, कोणाला टॉयलेटवर बसवून मधल्या वेळात रूममेटचा चेहरा पुसता येतो, आणि कोणाला टॉयलेटवर एकटं सोडायचंच नाही कारण ती उठून चालायला जाते आणि पडते. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही, ते त्या त्या मजल्यावरच्या बाईच्या डोक्यात असतं. नवीन मुलीला ते मिळावं म्हणून तिला महिनाभर तरी आकड्यात न धरता जोडीने ठेवायला पाहिजे. प्रत्यक्षात तीन-चार दिवस कोणाच्या तरी मागे फिरवतात आणि पाचव्या दिवशी चार्टवर तिचं नाव आठ खोल्यांसमोर लिहिलेलं असतं. मग ती काय करते, एकटीने लिफ्ट वापरते, किंवा लिफ्ट न वापरता काखेत हात घालून उचलते. आणि कंबर जाते. पेशंटच्या कमरेला पट्टा बांधून आपण गुडघ्यात वाकून उचलायचं हे तिला शिकवलेलं असतं, तिने परीक्षेत करून पण दाखवलेलं असतं, पण परीक्षेत खाली ट्रे आलेले नसतात. माझी नव्या मुलींना एकच सक्त ताकीद असते, ट्रे थंड होऊ दे, नर्स ओरडू दे, पण दोन माणसांचं काम एकटीने करायचं नाही. पेशंट पडला तर चौकशीत नाव तुझं येणार, कमी माणसं ठेवणाऱ्याचं नाही.

इथल्या केंद्राने २०२४ मध्ये सगळ्या देशासाठी नियम आणला होता, दर पेशंटमागे दिवसाला एकूण ३.४८ तासांची सेवा, त्यातले २.४५ तास नर्स एडचे. नर्सिंग होमवाले कोर्टात गेले, २०२५ मध्ये टेक्ससच्या कोर्टाने तो रद्द केला, आणि नंतर संसदेने पण अंमलबजावणी २०३४ पर्यंत ढकलली. मालक म्हणतात माणसं मिळत नाहीत. मिळतात हो, टिकत नाहीत, आणि का टिकत नाहीत ते वर लिहिलंय.

दुसरी गोष्ट ज्याची तयारी आपल्याकडे कोणाचीच नसते ती म्हणजे डिमेन्शिया. आपल्याकडे म्हातारपणी विसरतात एवढंच माहीत. इथे अख्खा मजला तशा लोकांचा असतो आणि दुपारी चार वाजले, उन्हं कलली की वातावरणच बदलतं, शांत बसलेली माणसं उठून दारं ढकलायला लागतात. आमच्याकडे एक रिटायर्ड बाई होत्या, रोज त्याच वेळेला कोट घालून पर्स घेऊन लिफ्टपाशी, मुलांना शाळेतून आणायचंय. नवीन आलेल्या मुलीने अगदी प्रेमाने सांगितलं, तुमची मुलं मोठी झालीत, साठीची आहेत. बाईंनी पर्स तिच्या तोंडावर मारली आणि मग अर्धा तास जो आक्रोश, कारण त्यांच्या दृष्टीने कोणीतरी त्यांची मुलं पळवली होती ना. तेवढ्यात आमची हैतीची जुनी सीएनए आली, म्हणाली आज स्कूल बस लेट आहे, शाळेतून फोन आलेला, तोवर कॉफी घेऊ या. बाई लगेच निवळल्या, कोट काढला, कॉफी प्यायल्या, विसरल्या. खोटं बोलायचं का असा प्रश्न त्या नवीन मुलीने मला नंतर विचारला. मी म्हटलं खरं सांगून काय झालं ते बघितलंस ना.

मारतात, चावतात, केस ओढतात, थुंकतात. रंगावरून पण बोलतात, घरी जा म्हणतात. आजार बोलतोय हे डोक्याला कळतं पण सकाळी सकाळी गालावर बसल्यावर डोळ्यात पाणी येतंच. समोरून जायचं, मागून हात लावायचा नाही, हातातलं काम टाकून पाच मिनिटांनी परत जायचं, हे सगळं जमायला काही महिने जातात. मंगळसूत्र घरी ठेवून या, हे मी आपल्या प्रत्येक बाईला पहिल्या दिवशी सांगते. एखाद्या आजीच्या मुठीत ते एकदा सापडलं की सोडवता सोडवत नाही. बांगड्या, लांब नखं, लोंबते कानातले, सगळ्यांचं तेच. काहींना हे फार लागतं, घरचे पण बोलतात. काळी पोत मऊ पिशवीत घालून लॉकरमध्ये ठेवणाऱ्या दोघी-तिघी मला माहितीयत, शिफ्ट संपली की बसस्टॉपवर घालतात.

आणि जेवण भरवणं. यावर कोणी बोलत नाही म्हणून बोलते. ताटात बीफ असतं, नाश्त्याला डुकराचं बेकन असतं, आणि ज्यांना चावता येत नाही त्यांच्यासाठी त्याचीच पेस्ट करून चमच्याने भरवायची असते. माळकरी घरातली मुलगी काय करेल? काहींनी पहिल्याच आठवड्यात सोडलंय यापायी. मी स्वतः शाकाहारी आहे, मी भरवते, माझं म्हणणं की ते त्यांचं अन्न आहे आणि भूक त्यांची आहे, पण ज्यांना जमत नाही त्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांनी न्यू जर्सीत इंडियन युनिट असलेली नर्सिंग होम्स बघावीत, तिथे शाकाहारी स्वयंपाक असतो, देवाचा कोपरा असतो, बहुतेक आजी-आजोबा गुजराती असतात, थोडे आपले. तिथला त्रास वेगळा. तिथले नातेवाईक तुम्हाला घरातली मोलकरीण समजून वागवतात आणि वर बेटा बेटा म्हणतात. गोऱ्या नर्सशी हळू आवाजात बोलणारा मुलगा आपल्या सीएनएवर खेकसतो, हे रोज बघते.

मरणाचं पण लिहायलाच हवं, कोर्समध्ये त्याला एक तास असतो, प्लॅस्टिकच्या बाहुलीवर. पहिल्यांदा स्वतःच्या पेशंटचं करायची वेळ आली की नव्या मुलीचे हात थरथरतात. नर्सने सांगितल्यावर डोळे मिटायचे, कवळी बसवायची, आंघोळ घालायची, स्वच्छ चादर, मान थोडी उंच, घरचे येईपर्यंत खोली नीट करायची. जिला तुम्ही रोज केस विंचरून दिले तिचेच केस विंचरायचे. आणि लगेच बेल वाजते, शेजारच्या खोलीत कोणालातरी बाथरूमला जायचंय. दुसऱ्या दिवशी त्या बेडवर नवीन नाव. कोणी तुम्हाला बस म्हणत नाही, चहा पी म्हणत नाही. आमच्या मजल्यावर आम्ही जुन्या बायका आता एवढं करतो की नवीन मुलीला दहा मिनिटं खाली पाठवतो आणि तिच्या बेल्स आम्ही बघतो. मॅनेजमेंटला हे माहीत नाही, तुमचा पेपर इकडे येत नाही म्हणून लिहिलं.

सर्वात शेवटी शिफ्ट संपताना भिंतीवरच्या स्क्रीनवर सगळं भरायचं, कोणी किती टक्के जेवलं, किती मिली प्यायलं, शी झाली का, कूस किती वेळा बदलली. जे भरलं नाही ते केलंच नाही असं धरतात. इंग्रजी बोलायला कचरणाऱ्या बायका इथे मात्र पटकन तयार होतात, मला तर कॅश बुक लिहायची सवय होती. अडचण होते फोनवर आणि म्हाताऱ्यांच्या पुटपुटण्यात. आणि नर्सला तोंडी रिपोर्ट देताना. हिला आज बरं वाटत नाहीये असं म्हणून चालत नाही, काल अर्धं जेवली आज दोन घास, डावी टाच लाल आहे, दाबल्यावर पांढरी होत नाही, असं सांगावं लागतं. टाचेवरचा तो लाल ठिपका सीएनएलाच आधी दिसतो, डॉक्टरला नाही, आणि तिने तो वेळेवर सांगितला तर पुढचे महिनाभराचे हाल टळतात. औषधाची गोळी मात्र द्यायची नाही, ऑक्सिजनचा काटा फिरवायचा नाही. भारतातून बीएससी नर्सिंग करून आलेल्या, इथली नर्सची परीक्षा होईपर्यंत सीएनए म्हणून लागलेल्या मुलींना हे सगळ्यात जड जातं, हातात कला आहे आणि हात मागे बांधलेले.

पगार. अमेरिकन कामगार खात्याच्या २०२४ च्या आकड्यांप्रमाणे नर्सिंग असिस्टंटचा मधला पगार वर्षाला साडेएकोणचाळीस हजार डॉलर, तासाला एकोणीसच्या आसपास. त्याला रुपयांनी गुणलं की तुमच्या चौकटीतल्या आकड्याच्या आसपास येतो. पण टॅक्स आणि इन्शुरन्स कापून हातात येतात ते वेगळे, आणि आमच्याकडे एका बेडरूमचं भाडंच त्यातला मोठा घास घेतं. नवीन माणसाला दिवसाची शिफ्ट मिळत नाही, दुपारी तीन ते रात्री अकरा किंवा रात्री अकरा ते सकाळी सात, एक आड एक वीकेंड. रात्री अकराला बस शोधून बघा. गाडी आणि लायसन्स नसेल तर निम्म्या जागा तुमच्यासाठी नाहीतच, आणि तो गाडीचा खर्च चौकटीत नव्हता. उशिरा थांबा म्हणून दम देतात, पण न्यू जर्सीत तासावर काम करणाऱ्यांना सक्तीचा ओव्हरटाइम लावण्याविरुद्ध कायदा आहे, खरी आणीबाणी सोडून. आणि सलग २४ महिने हे काम पगारावर केलं नाही तर परत ट्रेनिंग किंवा परीक्षा द्यावी लागते, बाळंतपणासाठी थांबणाऱ्या मुलींनी हे लक्षात ठेवावं.

इंटरव्ह्यूला जाल तेव्हा तासाचा रेट विचारायच्या आधी विचारा की पहिल्या किती शिफ्ट मी आकड्यात नसेन, पेशंट उचलायच्या लिफ्ट किती आहेत आणि चालू किती आहेत. येताना लॉबीत त्या दिवशीच्या स्टाफचा बोर्ड वाचा, तो लावणं बंधनकारक आहे. रविवारी जाऊन वाचलात तर अजून चांगलं. मी भाचीला हेच सांगितलं, आणि तुझ्याकडे कागद नाहीत तोवर तिकडेच जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, कर म्हणून सांगितलं. ती रुसली आहे सध्या.

हे वाचून कोणाला वाटेल बाई एवढं वाईट आहे तर करते कशाला. वाईट नाहीये. मला हे काम आवडतं, पतसंस्थेत वीस वर्षं नोटा मोजल्या त्यापेक्षा जास्त आवडतं. आणि तिकडच्याशी तुलना केली तर ७५ तास का होईना कायद्यात लिहिलेले आहेत. माझे वडील अंथरुणावर होते तेव्हा ब्यूरोतून मावशी यायच्या, बारा बारा तासांची ड्युटी, मनाने फार चांगल्या, पण त्यांना कूस कशी बदलायची हे कोणी एक दिवस पण शिकवलेलं नव्हतं, आणि ब्यूरोवाला कमिशन मात्र पूर्ण घ्यायचा. पुण्या-मुंबईत आता घरोघरी अशा मावशी लागतायत, त्यांना कोण किती तास शिकवतं यावर तुमच्या पेपरने एखादी मालिका केली तर मी न्यू जर्सीतून वाचीन.

तूर्त एवढंच मागते की ती चौकट जिथे छापली त्याच पानावर व्हिसाची खरी स्थिती आणि एजंटच्या फीची मर्यादा छापा, आणि सेमिनारच्या जाहिराती घेताना त्यांचा रजिस्ट्रेशन नंबर जाहिरातीतच टाकायला लावा. पत्र फार लांबलंय मला माहितीय, कापावं लागेल. पगाराचं कापलं तरी चालेल, टीबीच्या टेस्टचं आणि कोर्सचे पैसे परत मिळण्याचं तेवढं राहू द्या.

आपली,
एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी
(मूळ कराड)